बियाण्याची पिशवी आणि बिलाचा कागद

बाजारात आमच्या आयाबहिणींना सहजी कोणी फसवू शकत नाही. वांग्याचा देठ पाहतील, तांदळाचा दाणा दाताखाली फोडून जुना की नवा सांगतील. ही अक्कल शाळेत मिळालेली नाही; चार पैशांत घर चालवण्याच्या ओढाताणीतून आली. पण बंद पिशवीपुढे ही पारख थांबते. आणि लाखांदूर तालुक्यात शेतकऱ्याच्या घरची मोठी खरेदी बंद पिशवीतूनच येते. ती म्हणजे धानाचे बियाणे.

पूर्वी बियाणे घरचेच राखत. वैनगंगेपलीकडे, नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ साली ‘पटेल-३’ धानातील वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या. त्यातूनच ‘एचएमटी’ वाण निघाला. (नाव मात्र पडले घड्याळाचे!) अशी नजर आपल्याच माणसांची होती.

विकतचे बियाणे उगवते की नाही, हे पऱ्हे टाकल्यावर आठ-दहा दिवसांनी कळते. तोवर पैसे दुकानात गेलेले असतात, पाऊसही हातचा गेलेला असतो. म्हणून पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे. प्रमाणित धानाचे निदान ऐंशी दाणे उगवले पाहिजेत.

दुसरी गोष्ट बिलाची. उधारीवर माल नेणाऱ्याला बिल मागायचा संकोच वाटतो. दुकानदार ओळखीचा असला तर आणखीच. अहो, उधारी म्हणजे काही भीक नव्हे! पक्के बिल घ्यावे, त्यावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्यावा. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे टॅग शाबूत राहतो. मूठभर बियाणेही राखावे.

कारण शेतकरी हाही ग्राहकच आहे. आंध्रातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तसा निकाल दिला. शेतकऱ्यांनी तपासणीसाठी बियाणे राखले नाही, हा बियाणे महामंडळाचा बचाव न्यायालयाने मानला नाही. तरी पुरावा हाती असलेला बरा. उगवण झाली नाही तर ताबडतोब तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पंचनामा मागावा. तेवढ्याने भागले नाही तर भंडाऱ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

पिशवी मात्र धान घरी येईपर्यंत सांभाळावी. बहुतेक घरांत ती दुसऱ्याच दिवशी गळक्या कौलाखाली जाते.