धान्याची धुरी व राहतें घर

सुगी आटोपून धान्य घरांत आलें कीं, सोंडे व टोके यांचा बंदोबस्त कसा करावा, ही चिंता प्रत्येक शेतकऱ्यास लागते. पूर्वीं ऊन, राख व कडुनिंबाचा पाला हेच उपाय असत. पुढें कित्येक बंधु विषारी गोळ्यांकडे वळले. ह्या गोळ्या किड्यांचा जसा नाश करितात, तसाच शेजारच्या खोलींत निजलेल्या माणसांचाही करूं शकतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सबब तिचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाईड नांवाच्या द्रव्याची असते. हवेंतील ओलावा लागतांच तींतून फॉस्फीन हा वायु सुटूं लागतो. हें काम एका क्षणांत होत नाहीं; तासांमागून तास, प्रसंगीं कित्येक दिवस चालतें. म्हणून सायंकाळीं न जाणवलेला वायु मध्यरात्रीं, दारें लावून मंडळी झोपेंत असतां, जोर धरितो. त्यास लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो खरा. परंतु शुद्ध फॉस्फीनास वास नसतो. तेव्हां वास नाहीं म्हणजे भय नाहीं, असें समजणें घातक होय.

आमचा जन्म महसुलाच्या आंकडेमोडींत गेला. म्हणून येथेंही हिशेबच मांडतों. ३ ग्रॅमच्या एका गोळींतून सुमारें १ ग्रॅम वायु निघतो. १० फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच अशा खोलींत तो सर्व पसरला, तर हवेच्या दहा लक्ष भागांत वायूचे सुमारें २५ भाग होतात. दिवसाचे आठ तास काम करणाऱ्या मनुष्यास ०.३ भाग ही मर्यादा मानितात, व ५० भागांस जिवास तात्काळ धोका समजतात. म्हणजे एकाच गोळीनें मर्यादेच्या ८० पटींहून अधिक वायु झाला, आणि तीन गोळ्यांनीं ५० ची सीमाही ओलांडली!

पीकपाहणी जशी बांधावर उभें राहून करावी लागते, तशीच घराची पाहणी गोळ्यांचा विचार मनांत येतांच करावी.

१. कोठीच्या भिंतीपलीकडे व माळ्यावर कोण निजतें? जुन्या कौलारू घरांत मधली भिंत पुष्कळदां आढ्यापर्यंत नसते. त्या वाटेनें वायु बिनदिक्कत जातो.

२. दारांच्या फटी, झरोके व भिंतींच्या भेगा कोणीकडे उघडतात?

३. गोठा किंवा कोंबड्यांचें खुराडें लागून आहे काय?

४. भिंत समाईक असल्यास पलीकडील भाऊबंदांस खबर आहे काय?

जेथें माणसें अगर जनावरें निजतात, तेथें ही धुरी करूंच नये, हाच ह्या पाहणीचा निकाल होय. कायद्याचाही रोख तोच आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील निर्बंधान्वयें ही धुरी सरकारी यंत्रणेनें अगर धुरी करणाऱ्या धंदेवाईकांनीं, मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच करावयाची असते. वेगळ्या गोदामांत ती चालू असतां दारावर धोक्याची पाटी लावावी, कुलूप घालावें, आणि यंत्रानें हवा तपासून निर्वाळा मिळेपर्यंत कोणीही आंत जाऊं नये. तोंडास ओलें फडकें बांधल्यानें हा वायु अडत नाहीं. गोळ्यांवर पाणी तर कदापि ओतूं नये. त्यानें वायु झपाट्यानें सुटतो व आग लागण्याचेंही भय असतें.

डोकें दुखणें, मळमळ, वांती, छाती आवळणें, धाप लागणें हीं लक्षणें दिसतांच अन्न बाधलें असें म्हणून स्वस्थ बसूं नये. विशेषतः घरांतील अनेकांस तीं एकदम दिसल्यास. सर्वांनीं ताबडतोब मोकळ्या हवेंत यावें, वस्तु आणण्यास परत शिरूं नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व गोळीचें नांव डॉक्टरांस सांगावें. ह्या विषावर उतारा नाहीं. वेळेवर मिळालेले उपचार हाच आधार.

मग धान्य राखावें कसें? तें कडक उन्हांत पुरतें वाळवावें, निवल्यावर हवाबंद पिशवींत अगर कोठींत भरून तोंड घट्ट बंद करावें. आंतील हवेंतील प्राणवायु संपत आला कीं किडे आपोआप मरतात. ह्यास श्रम थोडे अधिक पडतात. परंतु पोतेंभर जोंधळा किडला तर पुढील सुगीस भरून निघेल, घरचें माणूस गेलें तर तें कोणत्याही सुगीस परत येणार नाहीं, हें बंधूंनीं विसरूं नये.