बियांपासून भिरंड

डिचोली तालुक्यातील सुर्ल्याच्या माणसाला भिरंड, म्हणजेच कोकम, नवे नाही. आमटीला सोल, पित्तावर सरबत आणि भेगाळलेल्या टाचांना बियांचे तेल, सारे एकाच झाडाचे देणे. पण भिरंडाची नर व मादी झाडे निराळी असतात. बियांपासूनच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळते ६-७ वर्षांनी, फुलल्यावरच! मग कष्ट फुकट गेले म्हणून कुऱ्हाड चालते.

हे टाळता येते. मे महिन्यातील पिकल्या फळांचे बी धुऊन, सावलीत सुकवून, ताजेच पेरावे. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर भरपूर फळणाऱ्या मादीच्या उभ्या फांदीचे कलम बांधावे. आडव्या फांदीचे कलम पसरतच जाते. परागासाठी एखादा नर मात्र अवश्य राखावा.