पाणवठ्यावर एल्कची वाट

एल्क हे उत्तर अमेरिकेतले दांडगे हरीण, काश्मीरच्या हंगुलचे जवळचे नातलग. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे ३०० ते ३५० किलो भरते, मादीचे सव्वादोनशेच्या आसपास. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत त्याच्या शिकारीचा हंगाम बहुधा धनुर्धारींपासून सुरू होतो. बंदुकांची पाळी नंतर येते. कोलोरॅडोत धनुष्याचा हंगाम २ ते ३० सप्टेंबर असतो, युटात तो ऑगस्टच्या मध्यातच उघडतो.

या सुरुवातीच्या दिवसांत नर अजून पुरते माजावर आलेले नसतात. शिंगांवरची मखमली कातडी ऑगस्टमध्ये गळते, पण ती प्रसिद्ध चढती शीळ सप्टेंबरच्या मध्याकडे जोर धरते. तोवर शिकाऱ्याने मादीचा आवाज काढून बोलावले तरी नर हटकून येईलच असे नसते. ऊन मात्र कडक असते, अंगावर हिवाळी केस येऊ लागलेले असतात आणि पाजणाऱ्या माद्यांना पाणी अधिकच लागते. म्हणून साद घालण्यापेक्षा पाण्यावर बसणे या काळात फायद्याचे ठरते. धनुष्याचा पल्ला लक्षात घेतला तर त्याची गरजही कळते. नेम खात्रीचा हवा तर जनावर वीस-तीस मीटरांत यावे लागते आणि इतक्या जवळ ते आपल्या पायांनी येते ते पाण्यापाशीच.

ही पद्धत सर्वांत चांगली चालते ती कोरड्या मुलखात. अ‍ॅरिझोनातील मोगोलॉन रिमच्या पाइन वनांत वाहते पाणी थोडे. गुरांसाठी खोदलेली तळी आणि पत्र्याच्या उतारावर पावसाचे पाणी धरून वन्यप्राण्यांसाठी साठवणारी कुंडे हाच तिथला आधार. तिथले मूळचे एल्क विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत संपले होते. आजचे कळप १९१३ मध्ये यलोस्टोनहून आणून सोडलेल्या एल्कपासून वाढले. या भागालाही जुलैपासून पाऊस मिळतो आणि तिथे त्याला मान्सूनच म्हणतात. तो मनाजोगता झाला की खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचते, कळप पांगतात आणि तळ्यावरचा शिकारी दिवसभर गुरे मोजत बसतो. पाणवठ्याची किंमत टंचाईने ठरते.

मोठे उघडे तळे दुरून आकर्षक दिसते, पण तिथे एल्क बरेचदा अंधार पडल्यावरच उतरतात. दाट झाडीतला, विश्रांतीच्या जागेजवळचा लहानसा झरा अधिक भरवशाचा. अशा पाझरांवर नर चिखलात लोळतात, त्यात मूत्र मिसळतात आणि तो उग्र दर्प अंगावर घेऊन फिरतात. लोळण ताजी असेल तर पाणी गढूळ दिसते, काठच्या गवतावर ओला चिखल असतो आणि वास लांबूनच येतो. नर इथे भर दुपारीही उठून येतो. तळ्यावर मात्र संध्याकाळचा शेवटचा तास महत्त्वाचा.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे वारा. एल्कची नजर एखादे वेळी चुकते, नाक सहसा चुकत नाही. डोंगरात पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, उन्हाने उतार तापला की वर चढू लागते आणि सांजेला पुन्हा उलटते. सकाळी योग्य असलेली जागा दुपारी शिकाऱ्याचा वास थेट कळपाकडे नेते. त्यामुळे मुरलेले लोक एकाच पाण्यासाठी दोन जागा हेरून ठेवतात आणि वारा बिघडला तर सरळ उठून जातात. जमिनीवरचे लपण काही दिवस आधी उभारले तर जनावरे त्याला सरावतात. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यालगतच्या मचाणांवर बसून वन्यप्राणी मोजतात, त्यांना ही चिकाटी ओळखीची वाटेल. शिकार मात्र भारतात १९७२ च्या कायद्याने बंद आहे.

तहानेचा फायदा घेणे न्याय्य आहे का, हा वाद अमेरिकन शिकाऱ्यांमध्येच आहे आणि तो पोकळ नाही. कोरड्या वर्षी एकुलत्या पाण्यावर माणसाने ठाण मांडले तर कळपांचे पाणी तुटते. अ‍ॅरिझोनाच्या कायद्यानुसार जनावरांची वाट अडेल अशा रीतीने पाणवठ्याच्या पाव मैलात मुक्काम ठोकता येत नाही. १ जानेवारी २०२२ पासून त्या राज्याने शिकारीसाठी स्वयंचलित कॅमेरे लावण्यासही बंदी घातली. पाण्यावर त्यांची गर्दी हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

पाण्याकडे येणारे एल्क सावध असते. थांबते, कान फिरवते, पुन्हा थांबते. धनुष्य ताणायचे ते त्याचे डोके खाली किंवा झाडाआड गेल्यावर. होलिस विल्बर अ‍ॅलन याला १९६९ मध्ये पेटंट मिळालेल्या कंपाउंड धनुष्यात कप्प्यांमुळे पूर्ण ताणलेली दोरी धरून ठेवायला बरेच कमी बळ लागते, त्यामुळे योग्य क्षणाची वाट पाहता येते. बाण रक्तस्रावाने मारतो, म्हणून नेम फुप्फुसांवर, खांद्याच्या मागे. जनावर आडवे किंवा किंचित पाठमोरे असावे. समोरून हाडांची भिंत असते. येणारे एल्क पाण्याकडे तोंड करूनच येते. साहजिकच लपण समोरच्या काठावर नको, बाजूला हवे.

बाण लागल्यावर निदान अर्धा तास हलायचे नाही, नाहीतर जखमी जनावर दूर पळते. बाण पोटात गेला असेल तर कित्येक तास थांबावे लागते आणि इथे उष्मा आडवा येतो, कारण सप्टेंबरच्या दुपारी मांस लवकर नासते. जनावर सापडताच कातडे उतरवून, तुकडे करून, सुती पिशव्यांत घालून सावलीत टांगतात. मोठ्या नराचे हाडाविना मांस शंभर किलोच्या आसपास भरते. ते पाठीवरून वाहून नेण्याच्या अनेक खेपा उन्हाआधी संपवाव्या लागतात. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे या राज्यांत गुन्हा आहे.