हँडल लपवणारी गाडी

पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढणारी, एमएच-११ किंवा एमएच-१० पाटीची शेवरोले बीट अजूनही दिसते. तिच्यात मागे बसायला निघालेला नवखा पाहुणा हमखास फसतो. दाराला हँडलच सापडत नाही. मग आतून कुणीतरी ओरडतं, "पावणं, वर काचेपाशी बघा की!"

हँडल तिथंच आहे, मागच्या काचेला लागून, काळ्या पट्टीत दडवलेलं. त्यामुळे बाजूनं पाहिलं की गाडी दोनच दारांची वाटते. चार दारं दिसली की गाडी संसारी झाली. दोन दारांची ती तरणी. इटलीच्या आल्फा रोमिओनं १९९७ साली १५६ या गाडीत हीच युक्ती केली होती.

बीट पहिल्यांदा दिसली २००७ च्या न्यूयॉर्क वाहन प्रदर्शनात. शेवरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सनं तीन छोट्या नमुना-गाड्या मांडून लोकांचा कौल घेतला. हिरवीगार बीट जिंकली. नमुन्यात मागची दारं नव्हतीच. बाजारासाठी ती द्यावी लागली, म्हणून हँडल लपवलं. जानेवारी २०१० मध्ये ती भारतात आली, तळेगावच्या कारखान्यातून.

बाकीचा साजही त्याच थाटाचा. बॉनेटवर मागे ओढलेले लांबट दिवे, चाकांवरच्या फुगवलेल्या कमानी, मागे चढत जाणारी काचेची रेघ आणि स्टिअरिंगमागे मोटरसायकलसारखा मीटर. यातल्या कशानंही वेग तसूभर वाढत नाही. जुलै २०११ मध्ये आलेल्या डिझेल बीटचं इंजिन तर तीन सिलिंडरचं, जेमतेम ९३६ सीसीचं. कंपनी सांगे, लिटरला २४ किलोमीटर. अंगावर पैलवानाचा लंगोट, खिशात किराणा दुकानदाराची वही!

साध्या गाडीला डौल चढवला की ती खपते, हा धडा अमेरिकेला जुनाच. १९६० मध्ये शेवरोलेनं आपल्या कोर्व्हेअर या काटकसरी गाडीला स्वतंत्र बकेट सीट आणि झकपक सजावट देऊन मोंझा काढली, आणि गिऱ्हाईक तिच्याकडे वळलं. चार वर्षांनी फोर्डनं फाल्कन या साध्या गाडीच्या पायावर मस्टँग उभी केली.

पण डौलाची किंमत कुणीतरी मोजतंच. बीटमध्ये ती मागे बसणाऱ्यानं मोजली. काच चिमटल्यामुळे आत अंधारी. सांगलीहून पुण्याला जाताना वाटेतला ऊस त्याला मान वाकवून बघावा लागतो. बोळात गाडी मागे घ्यायची तर चालकाचीही तीच गत.

२०१७ अखेर कंपनीनं भारतातली विक्री थांबवली. तळेगावात निर्यातीसाठी गाड्या २०२० अखेरपर्यंत बनत राहिल्या. आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. बीट गेली, तरी युक्ती राहिली: मारुतीच्या २०१८ च्या स्विफ्टनं मागचं हँडल असंच वर नेलं होतं. २०२४ च्या स्विफ्टनं ते गुपचूप खाली, दारावर आणून ठेवलं. शेवटी पाहुण्याचंच खरं ठरलं.