सरकारी वकिलांच्या कार्यालयातील चार आठवडे : विधी विद्यार्थी तेथे काय शिकतो?

वार्षिक परीक्षा आटोपल्या की मिरामार आणि मडगाव येथील विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची इंटर्नशिपसाठी धावपळ सुरू होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप अनिवार्य आहे. कोणत्याही एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक नसावी, अशीही अट आहे. बहुतेकांचा ओढा नामांकित वकिलांच्या किंवा कंपन्यांच्या कार्यालयांकडे असतो. मात्र फौजदारी न्यायव्यवस्था जवळून पाहायची असेल, तर सरकारी वकिलांच्या कार्यालयासारखी दुसरी पाठशाळा नाही.

सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील, हा समज सर्वत्र रूढ आहे. कायद्याला तो मान्य नाही. महाराष्ट्रातील ‘टाडा’ प्रकरणांसंबंधीच्या १९९४ मधील निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नसून स्वतंत्र वैधानिक अधिकारी आहे. पुढे १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या खटल्यात, काहीही करून आरोपीला शिक्षा मिळवून देणे हे त्याचे ध्येय असू नये, असेही न्यायालयाने बजावले. आरोपीच्या बाजूचा मुद्दा हाती आला, तर तोही न्यायालयासमोर ठेवणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या रचनेची अधिक तपशिलाने मांडणी केली आहे. कलम २० नुसार दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप किंवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांवर अभियोग संचालक देखरेख ठेवतात. सात ते दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची प्रकरणे उपसंचालकांकडे, तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेची प्रकरणे साहाय्यक संचालकांकडे सोपवलेली आहेत.

इंटर्नच्या वाट्याला येते ती प्रामुख्याने फाईल. फिर्याद, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, न्यायवैद्यक अहवाल आणि आरोपपत्र वाचून त्यांतील घटनाक्रम तारीखवार मांडणे, हे त्याचे पहिले काम. वरकरणी ते कारकुनी वाटते. पण खटल्याचा कस येथेच लागतो. अमली पदार्थाच्या प्रकरणात पंचनाम्यातील वजन आणि प्रयोगशाळेत पोहोचलेल्या नमुन्याची नोंद जुळते का? मुद्देमालावरील मोहोर तीच आहे का? अटकेतील आरोपीविरुद्ध गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले का? ही मुदत चुकली, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. दिवस मोजण्याइतके साधे कामही कोणाच्या तरी स्वातंत्र्याशी आणि कोणाच्या तरी न्यायाशी असे जोडलेले असते.

गोव्यात याला भाषेचे आणखी एक परिमाण आहे. साक्षीदार कोकणीत वा मराठीत बोलतो, न्यायालयीन नोंद मात्र प्रायः इंग्रजीत होते. ‘धक्का लागला’ आणि ‘धक्का दिला’ यांत अपघात आणि हेतू यांचे अंतर आहे. भाषांतरात ते पुसले गेले, तर साक्षीचा अर्थच पालटतो. घरात मराठी वा कोकणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक चटकन जाणवतो. तो वेळीच वरिष्ठांच्या नजरेस आणून देणे, ही लहान वाटणारी पण मोलाची मदत ठरते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. वकील म्हणून नोंदणी झालेली नसल्याने इंटर्नला न्यायालयात युक्तिवाद करता येत नाही. फाईलमधील मजकूर बाहेर नेणे, त्याची छायाचित्रे मोबाईलवर घेणे किंवा मित्रमंडळींत प्रकरणाची चर्चा करणे पूर्णतः टाळावे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. लैंगिक अत्याचारपीडित बालकांनाही ‘पोक्सो’ कायद्याने असेच संरक्षण दिले आहे.

अर्ज सहसा महाविद्यालयाच्या पत्रासह, पुरेसा अवधी ठेवून करावा. मे महिन्यात उन्हाळी सुट्टीमुळे न्यायालयांचे नियमित कामकाज मंदावते, ही बाबही ध्यानी घ्यावी. साक्षी-उलटतपासणी पाहायची असेल, तर सुट्टीपूर्वीचे किंवा नंतरचे आठवडे निवडणे श्रेयस्कर. सुट्टीतही रिमांड आणि जामिनाची कामे थांबत नाहीत. अटक झालेल्या व्यक्तीला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याचे बंधन बाराही महिने असते.

या चार आठवड्यांनंतर प्रत्येक विद्यार्थी सरकारी वकील होईलच असे नाही. उद्या तो आरोपीच्या बाजूने उभा राहील, कदाचित न्यायासनावरही बसेल. परंतु सरकारचा विजय आणि न्यायाचा विजय या दोन भिन्न गोष्टी असू शकतात, हे त्याने फाईल वाचता वाचता ओळखले, तर त्या इंटर्नशिपचे सार्थक झाले असे म्हणता येईल.