लाइकली लेटर : निकालाआधीचा होकार

लाइकली लेटर म्हणजे अमेरिकेतल्या निवडक महाविद्यालयाच्या प्रवेश कार्यालयाने अधिकृत निकालाच्या आधीच अर्जदाराला पाठवलेले पत्र. ‘तुम्हाला प्रवेश मिळण्याची दाट शक्यता आहे’ एवढेच ते सांगते. शब्द शक्यतेचे असले, तरी वजन होकाराचे असते. आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांच्या सामाईक नियमांतच ते स्पष्ट केलेले आहे : अर्जदाराची शाळेतली वाटचाल समाधानकारक राहिली, तर या पत्राला प्रवेशपत्राइतकीच किंमत असते.

असे पत्र काढण्याची गरज खेळांमुळे पडली. १९५४च्या करारापासून आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. इतर मोठ्या विद्यापीठांत मात्र १९६४पासून २०२४पर्यंत ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ची पद्धत होती. बारावीतला खेळाडू नोव्हेंबरपासूनच त्यावर सही करून शिष्यवृत्तीसह आपली जागा पक्की करू शकत असे. आयव्ही लीगचे नियमित निकाल लागतात मार्चच्या अखेरीस. हातात दुसरीकडची शिष्यवृत्ती असलेल्या जलतरणपटूने केवळ आशेवर तोपर्यंत थांबणे कठीण. ही दरी लाइकली लेटरने भरून काढली. भरती केलेल्या खेळाडूंना १ ऑक्टोबर ते १५ मार्च या काळात ते पाठवता येते.

या व्यवहारात सर्वांत जास्त गैरसमज कोचच्या भूमिकेबद्दल आहेत. कोच खेळाडू हेरतो, गुणपत्रके आणि परीक्षांचे गुण मागवून घेतो, प्रवेश कार्यालयाकडे ‘हा खेळाडू मला हवा’ अशी शिफारस करतो. त्याला किती जागांसाठी शब्द टाकता येईल हे ठरलेले असते, त्यामुळे त्याच्या पाठिंब्याला मोल आहे. पण प्रवेश देण्याचा अधिकार त्याला नाही. पूर्ण भरलेला अर्ज समिती वाचते आणि पत्र प्रवेश कार्यालयाच्याच सहीने निघते. ‘कोच म्हणाले, काम झालं’ यावर विसंबून दुसरीकडचे अर्ज मागे घेणे धोक्याचे आहे. मुंबईच्या स्क्वॉश कोर्टांवर वाढलेल्या मुलामुलींच्या घरी हे विशेष लक्षात ठेवायला हवे. स्क्वॉशपटू वीर चोत्रानी मुंबईहून कॉर्नेलच्या संघात गेला, ती वाट आता ओळखीची झाली आहे आणि कोचशी बोलणी बरीच आधी सुरू होतात.

कोचच्या शब्दाचे वजन किती, हे २०१९ साली उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात दिसले. जॉर्जटाउन विद्यापीठाचा तत्कालीन टेनिस कोच गॉर्डन अर्न्स्ट याने लाच घेऊन टेनिससाठीच्या जागा भलत्यांनाच दिल्या आणि पुढे गुन्हा कबूल केला. खटल्याच्या कागदपत्रांत विद्यापीठाचे एक पत्र आहे. टेनिस कोचच्या विनंतीवरून अर्ज आधी पाहिला असून प्रवेश ‘लाइकली’ ठरला आहे, असा त्याचा आशय. समितीने अर्ज वाचला होता, पण खेळातले कौशल्य तिने कोचच्या सांगण्यावरून मानले होते. सगळ्या यंत्रणेतला कच्चा दुवा तोच.

आगाऊ इशाऱ्याची कल्पना मात्र खेळांपेक्षा व्यापक आहे. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन ही विद्यापीठे एके काळी काही निवडक शाळांतल्या विद्यार्थ्यांना ए, बी, सी अशा श्रेणी आधीच कळवत : ए म्हणजे प्रवेश जवळपास नक्की, बी म्हणजे शक्य, सी म्हणजे कठीण. लाभ अर्थातच ॲंडोव्हर, एक्सेटरसारख्या श्रीमंत निवासी शाळांना होई. साध्या सरकारी शाळेतल्या मुलाला निकालापर्यंत काहीच कळत नसे. ही उघड विषमता होती. १९७०च्या दशकात ती पद्धत गेली आणि सर्वांना अर्ज करता येईल अशी ‘अर्ली ॲक्शन’, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निकाल मिळवण्याची पद्धत आली. 

आज अभ्यासात असामान्य ठरलेल्या मोजक्या अर्जदारांनाही लाइकली लेटर जाते. इथे उद्देश वेगळा : ज्याला पाच-सहा ठिकाणी प्रवेश मिळणार हे दिसते आहे, त्याचे मन आधी वळवणे. येल विज्ञान-अभियांत्रिकीच्या अशा विद्यार्थ्यांना खास शनिवार-रविवारच्या कार्यक्रमाला बोलावत आले आहे. बर्कलीत रीजंट्स शिष्यवृत्तीच्या निवडीसाठी निकालाआधीच बोलावणे येते आणि जाणकार त्याचा अर्थ प्रवेशाच्या बाजूनेच लावतात.

एका वाचकांनी विचारले आहे की फेब्रुवारी संपत आला तरी पत्र नाही, म्हणजे नकार समजावा का? अजिबात नाही. प्रवेश मिळालेल्या बहुतेकांना असे पत्र कधीच आलेले नसते. उलट घरी येणारी रंगीत माहितीपत्रके, ‘आमच्याकडे अर्ज करा’ अशा ईमेल किंवा माजी विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत यांना इशारा मानू नये. मुलाखत अनेक महाविद्यालयांत शक्य तिथे सगळ्यांचीच घेतली जाते.

पत्र आले तरी विद्यार्थी बांधला जात नाही. पत्राच्या बदल्यात इतर अर्ज मागे घेण्याची किंवा येण्याचे वचन देण्याची अट कोच घालू शकत नाही, असे आयव्ही लीगचे नियम सांगतात. उत्तर देण्याची मुदत प्रथेप्रमाणे १ मेपर्यंत असते. ‘अर्ली डिसिजन’मधून अर्ज केलेला असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे बंधन विद्यार्थ्याने अर्ज करतानाच स्वीकारलेले असते. शब्द मोडण्याची मुभा महाविद्यालयाला मोजक्याच कारणांनी मिळते : शेवटच्या सत्रात गुण कोसळणे, शिस्तभंगाची कारवाई, अर्जातली खोटी माहिती.