सूर्याच्या पोटातला आवाज

पाच मिनिटांची लय

१९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की सूर्याच्या पृष्ठभागावरचा वायू साधारण पाच मिनिटांच्या लयीत वरखाली होतो. वायू आपल्याकडे आला की वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर गेला की तांबड्या. मोजमाप एवढ्यावरच. ही वरवरची खळबळ नसून सूर्याच्या आत कोंडलेले ध्वनितरंग आहेत, हा विचार पुढे आला दहा वर्षांनी, आणि १९७५ मध्ये डॉयबनर यांच्या वेधांनी तो खरा ठरला.

आवाज कोंडतो कसा?

खोल जावे तसे तापमान वाढते, ध्वनीचा वेग वाढतो. त्यामुळे खाली निघालेला तरंग वळत वळत पुन्हा वर येतो. पृष्ठभागाशी वायू एकाएकी विरळ होतो आणि तरंग परत आत फेकला जातो. काही तरंग उथळच फिरतात, काही थेट गाभ्यापर्यंत पोचतात. टिचकी मारून मडके पक्के भाजले आहे का ते ओळखावे, तसे या तरंगांच्या वारंवारतेवरून आतली घडण ओळखायची. फक्त इथे टिचकी मारतो सूर्यातला खदखदणारा वायूच.

रात्रीची अडचण

वारंवारता अचूक हवी तर वेध अखंड हवेत. सूर्य मावळला की मालिका तुटते. म्हणून काही शास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवावर, न मावळणाऱ्या सूर्याखाली जाऊन बसले. १९९५ पासून ‘गाँग’ या जाळ्यातल्या सहा दुर्बिणी पाळीपाळीने सूर्य पाहतात. त्यांतली एक उदयपूरला आहे. त्याच वर्षी सूर्याचे वेध घेणारे ‘सोहो’ यान अवकाशात गेले.

हाती काय लागले?

विषुववृत्तावर सुमारे २५ दिवसांत आणि ध्रुवांजवळ त्याहून सावकाश फिरणारा सूर्य आत मात्र जवळजवळ एकसंध फिरतो. हा बदल त्रिज्येच्या सुमारे ७० टक्क्यांवर, एका पातळ थरात होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे, एच. एम. अंतिया, सरबनी बसू यांनी या तरंगांच्या अभ्यासात मोलाचे काम केले.

माझ्या मते सर्वांत मोठा निकाल न्यूट्रिनोंचा, म्हणजे सूर्याच्या गाभ्यातल्या अणुक्रियांतून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांचा. ते अपेक्षेपेक्षा फारच कमी सापडत, तेव्हा सूर्याच्या सैद्धांतिक प्रतिकृतीवर संशय होता. पण आतला ध्वनिवेग प्रतिकृतीशी एका टक्क्याच्याही आत जुळला. दोष न्यूट्रिनोंबद्दलच्या समजुतीत होता: ते वाटेत प्रकार बदलतात, हे २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरी प्रयोगाने दाखवले.

सूर्यातल्या जड मूलद्रव्यांच्या प्रमाणाबाबत मात्र वर्णपट एक सांगतो आणि कंपने दुसरेच. तो वाद अजून मिटलेला नाही.